शंभरातली बहात्तर मुलं घरी बसलेली नाहीत

मराठी व्हॉट्सॲप गटांत उच्च शिक्षणाबद्दलचा एक संदेश फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा: ‘देशात ४५ हजार कॉलेजं, गल्लोगल्ली दुकानं. तरी १०० पैकी ७२ मुलं बारावीनंतर घरी. मुली मुलांच्या पुढे गेल्या, तरी फीमाफी मुलींनाच. जो तो इंजिनिअर. प्राध्यापक १६ लाख, म्हणजे २७ मुलांमागे एक, तरी भरतीसाठी आंदोलनं चालूच. आणि हा सगळा खर्च तुमच्या-आमच्या करातून, जीडीपीच्या ६ टक्के!’

खाली ‘स्रोत: शिक्षण मंत्रालय’ असं ठोकून दिलेलं असतं, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. बहुतेक आकडे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या, म्हणजे ‘आयशे’च्या, २०२१-२२ च्या अहवालाशी जुळतात. हा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे संदेश बनावट म्हणून सोडून देता येत नाही. कुठल्या आकड्याला कशाने भागलं आहे आणि कोणाला कुठल्या रकान्यात मोजलं आहे, हे न बघता काढलेले निष्कर्ष मात्र एकामागून एक फसलेले आहेत.

सुरुवात ७२ पासून करतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

अहवालात ‘७२’ असा आकडा कुठेच नाही. तिथे आहे सकल नोंदणी गुणोत्तर, ज्याला सगळे जीईआर म्हणतात: २८.४. संदेशकर्त्याने शंभरातून २८ वजा केले आणि उरलेल्यांना घरी बसवलं. आता हे गुणोत्तर निघतं कसं ते बघा. उच्च शिक्षणात नोंद असलेले सगळे विद्यार्थी, वय काहीही असो, वर लिहायचे. खाली लिहायची १८ ते २३ वयाची लोकसंख्या. भागायचं, शंभराने गुणायचं.

वरच्या संख्येत नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून चाळिशीत बीए करणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी येतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली सोळा वर्षांची मुलगी येते. आयटीआयला गेलेला मुलगा मात्र येत नाही, कारण आयटीआय या सर्वेक्षणाच्या कक्षेतच नाही. खालच्या संख्येत अजून बारावीतच असलेला अठरा वर्षांचा मुलगा आहे. शिवाय एकविसाव्या वर्षी बीकॉम होऊन नोकरीला लागलेली तरुणीही आहे. ती पदवीधर आहे, पगार घेते आहे, पण त्या वर्षी तिचं नाव कुठल्याही कॉलेजच्या पटावर नाही. संदेशाच्या हिशेबात ती ‘घरी बसलेल्या’ बहात्तरांमध्ये जाते.

१८ ते २३ ही सहा वर्षं झाली. समजा, देशातला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी, एकही अपवाद न करता, अठराव्या वर्षी कॉलेजात गेली, तीन वर्षांत पदवी घेतली आणि तिथेच थांबली. तरी कोणत्याही एका वर्षी त्या सहा वयांपैकी तीनच वयांची मुलं वर्गात दिसतील. जीईआर येईल ५०. म्हणजे शंभर टक्के मुलं पदवीधर होणाऱ्या या काल्पनिक देशाबद्दलही आपला संदेशकर्ता लिहील, ‘निम्मी पोरं घरी!’

खऱ्या भारतात कोणी चार वर्षं शिकतं, कोणी एमए करतं, कोणी दुसऱ्या वर्षाला सोडून जातं. तेव्हा २८.४ वरून ‘इतके टक्के मुलं कॉलेजात पोचतात’ असा नेमका आकडा काढता येणार नाही, दुप्पट करून तर नाहीच. ७२ टक्के गळतीही त्याच कारणाने काढता येत नाही. गळती मोजायची तर एका वर्षी पहिलीत बसलेली किंवा बारावी झालेली मुलं धरून पुढची वर्षं त्यांचा माग काढावा लागतो. जीईआर तसलं काही करत नाही. दहावी-बारावीच्या आधीच शाळेतून बाहेर पडलेली मुलं या खालच्या संख्येत आहेत आणि हा दुखरा प्रश्न आहे यात वाद नाही. पण तो शाळेचा प्रश्न आहे, ‘बारावीनंतर घरी’चा नाही.

याच सूत्रातून आणखी एक गंमत निघते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३५ पर्यंत जीईआर ५० वर नेण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. त्याच धोरणाने चार वर्षांची पदवी आणली. जितकी मुलं तिसऱ्या वर्षानंतर चौथ्यासाठी थांबतील तितका जीईआर वाढेल. त्यासाठी एकाही नव्या मुलाला प्रवेश द्यावा लागणार नाही. पुढे कधी हा आकडा फुगलेला दिसला तर टाळ्या वाजवण्याआधी हे आठवलेलं बरं. राज्याराज्यांची तुलनाही याच कारणाने जपून करायची. तामिळनाडू ४७ वर आणि महाराष्ट्र पस्तिशीच्या आसपास, यात फरक खराच आहे. पण तामिळनाडूत इंजिनिअरिंगचा पट मोठा आणि तो कोर्स चार वर्षांचा, हेही त्या ४७ मध्ये थोडंफार मिसळलेलं आहे.

आणि खालची लोकसंख्या आपण मोजलेली नाही, अंदाजलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०१९-२० पर्यंतचे अहवाल २००१ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली लोकसंख्या वापरत होते. त्या हिशेबाने त्या वर्षीचा जीईआर २७.१ होता. २०२०-२१ च्या अहवालात २०११ ची जनगणना पायाला घेतली, तेव्हा त्याच २०१९-२० चा आकडा २५.६ झाला. विद्यार्थी तेवढेच, वर्ष तेच, फक्त भाजक बदलला आणि दीड टक्का गेला. जुना अहवाल एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात धरून ‘२७.१ वरून २७.३, म्हणजे वर्षभरात काहीच प्रगती नाही’ असं लिहिणारेही भेटतात. एकाच पायावर मोजलं तर ती वाढ २५.६ वरून २७.३ आहे.

आता मुली. ‘मुली मुलांच्या पुढे’ याला आधार आहे मुलींचा जीईआर २८.५ आणि मुलांचा २८.३. पण विद्यार्थ्यांची नुसती डोकी मोजा: ४.३३ कोटींपैकी मुली २.०७ कोटी. म्हणजे अठ्ठेचाळीस टक्क्यांनाही किंचित कमी. वर्गात मुली कमी, तरी गुणोत्तरात पुढे, हे कसं?

भागाकार उलटा करून बघा. २.०७ कोटींना २८.५ टक्क्यांनी भागलं तर १८ ते २३ वयाच्या मुली येतात सव्वासात कोटींच्या आसपास. मुलांचे २.२६ कोटी २८.३ टक्क्यांनी भागले तर जवळजवळ आठ कोटी. या वयोगटात मुलीच सुमारे ७० लाखांनी कमी धरलेल्या आहेत. वरची संख्या कमी, पण खालची त्याहून कमी, म्हणून गुणोत्तर चढलं. मुलींनी कॉलेजात मारलेली मजल खरी आहे. २०१४-१५ मध्ये त्या १.५७ कोटी होत्या. पण या ‘आघाडी’चा एक भाग ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत किंवा जगल्या नाहीत त्यांच्यामुळे दिसतो. ही आघाडी दाखवून मुलींची सवलत काढून घ्या म्हणणं मला निर्लज्जपणाचं वाटतं.

बरं, फीमाफी नेमकी कशाची आहे? महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात मुलींना पूर्ण सवलत दिली. ती सरसकट नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींसाठी आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. सर्व शाखा एकत्र केल्यावर मुली बरोबरीला येतात, पण व्यावसायिक शाखांत चित्र एकसारखं नाही. वैद्यकीय आणि नर्सिंगकडे मुली निम्म्याहून जास्त आहेत. इंजिनिअरिंगमध्ये देशभरात त्या २९ टक्के. आयआयटीसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांत त्यांचा वाटा आणखी खाली जातो. बीएला फी किती असते आणि बीटेकला किती, हे घरात मुलगा आणि मुलगी दोघं असलेल्या बापाला विचारा; पैसे एकाचेच भरता येत असतील तर कोणाचे भरले जातात तेही विचारा. वैद्यकीय शाखेत मुली पुढे असताना तिथेही माफी का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे, त्यावर चर्चा होऊ शकते. संदेशात तो प्रश्न नाही.

४५ हजार कॉलेजं. नोंदलेली कॉलेजं ४५,४७३ आहेत, त्यातल्या ४२,८२५ नी सर्वेक्षणाला माहिती पाठवली. आपल्या डोळ्यांसमोर कॉलेज म्हटलं की फर्ग्युसन किंवा रुईया येतं: अनेक शाखा, मैदान, हजारोंचा पट. यादीतलं सर्वसाधारण कॉलेज तसं नसतं. २०१८-१९ च्या अहवालाप्रमाणे १६ टक्के कॉलेजांत शंभरसुद्धा विद्यार्थी नव्हते आणि तीन हजारांच्या वर पट असलेली कॉलेजं जेमतेम ४ टक्के. एक तृतीयांशाहून अधिक कॉलेजांत एकच अभ्यासक्रम चालत होता, आणि अशा एकखांबी कॉलेजांतली ३८ टक्के फक्त बीएडची. संस्था मोजून क्षमता कळत नाही. तालुक्यातली बारा डीएड-बीएड कॉलेजं जोडली तरी तिथल्या मुलीला बीएस्सीची जागा मिळत नाही.

‘गल्लोगल्ली’ म्हणावं तर कोणाच्या गल्लीत? एकट्या बंगळुरू शहर जिल्ह्यात हजाराहून अधिक कॉलेजं आहेत, पुणे जिल्हाही देशात पहिल्या पाचांत. १८ ते २३ वयाच्या एक लाख लोकसंख्येमागे देशाची सरासरी ३० कॉलेजं, कर्नाटकात साठाच्या वर, बिहारमध्ये दहाच्याही खाली. पुण्यात बसून देशात कॉलेजं फार झाली म्हणणं सोपं आहे.

‘जो तो इंजिनिअर’ यावर फार वेळ घालवायला नको. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी ३४ टक्के कला शाखेत, विज्ञानात १५ च्या आसपास, वाणिज्यात १३, आणि इंजिनिअरिंगमध्ये १२ ला थोडे कमी. लग्नाच्या बायोडेटांवरून देशाचा अंदाज बांधला की असं होतं.

प्राध्यापकांचा मुद्दा अधिक खोडसाळ आहे, कारण तो आंदोलन करणाऱ्यांच्या पोटावर येतो. ४.३३ कोटी विद्यार्थी भागिले १५.९८ लाख अध्यापक, उत्तर २७. पण या विद्यार्थ्यांत दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहेत. २०२०-२१ मध्ये ते ४५ लाखांच्या वर होते. ते वर्गात बसतच नाहीत, म्हणून अहवाल स्वतः नियमित विद्यार्थ्यांवरून प्रमाण काढतो आणि ते २३ च्या आसपास येतं. संदेशकर्त्याला हे कळलं असतं तर त्याने आनंदाने २३ लिहिलं असतं, कारण त्याचा दावा आणखी भक्कम दिसला असता.

मुळात तो आकडा नोकरीबद्दल काहीच सांगत नाही. १६ लाखांत प्रोफेसर आहेत, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक आहेत, आणि ट्यूटर, तात्पुरते, अतिथी अशा नोंदीही आहेत. महाराष्ट्रात नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही उशिरा. सुट्टीत पैसे नाहीत. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. आंदोलनं मंजूर आणि रिक्त पदं भरण्यासाठी होतात. मंजूर पदं किती, भरलेली किती, हा वेगळा हिशेब आहे आणि एकूण विद्यार्थ्यांना एकूण शिक्षकांनी भागून तो निघत नाही. शिवाय सरासरीत खासगी मेडिकल कॉलेजचा भरगच्च कर्मचारीवर्ग आणि जिल्ह्याच्या टोकाचं, अर्धा विभाग रिकामा असलेलं अनुदानित कॉलेज एकाच रांगेत बसतं.

राहता राहिला पैसा. ६ टक्के हा खर्चाचा आकडा नाहीच, ती शिफारस आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली, २०२० च्या धोरणाने पुन्हा उच्चारली, आणि तीही बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतच्या सगळ्या शिक्षणासाठी. सरकारी खर्च तिथवर आजवर पोचलेला नाही.

‘आपल्या करातून’ हेही अर्धवट. देशातल्या कॉलेजांपैकी सरकारी साधारण पाचातलं एक. बाकीची खासगी, आणि त्यातली बहुसंख्य विनाअनुदानित. महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचं हे दार १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना उघडलं आणि सहकाराच्या राजकारणातली घराणी शिक्षणसम्राट झाली. अनुदानित कॉलेजात सरकार पगार देतं. विनाअनुदानित कॉलेज पालकाच्या फीवर चालतं, शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती वगळता.

या शेवटच्या मुद्द्यावर मला संदेशकर्त्यापेक्षा सर्वेक्षणाचाच जास्त राग आहे. आयशे संस्थांकडून आर्थिक माहितीही मागवतं, पण प्रसिद्ध होणाऱ्या अहवालाचा भर संस्था, विद्यार्थी आणि शिक्षक यांवर. कुठल्या कॉलेजाला फीतून किती मिळाले आणि पगारावर किती गेले, हे वाचकाला त्यात सापडत नाही. ब्रिटनमध्ये ‘हेसा’ नावाची यंत्रणा एकेका विद्यापीठाचं उत्पन्न, खर्च, परदेशी विद्यार्थ्यांची फी असं सगळं दरवर्षी खुलं करते, म्हणून तिथे कुठलं विद्यापीठ कोणाच्या पैशावर उभं आहे यावर नाव घेऊन वाद घालता येतो. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण. २०१५ च्या कायद्याखाली ते विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचे हिशेब तपासून फी ठरवतं आणि मंजूर फी संकेतस्थळावर टाकतं. ‘तुमच्या-आमच्या करातून’ असं पुढे ढकलण्याआधी आपल्या मुलाच्या कॉलेजचं नाव तिथे टाकून बघावं. जो आकडा दिसेल तो बहुधा तुम्ही स्वतःच धनादेशाने भरलेला असेल.