सुईची दोन टोके

सुईला टोचणारे टोक एकच असते, हा माझा समज जीन्सची उंची कमी करायला बसलो त्या रात्री संपला. दुमडलेली कड सरळ होती तोवर धावदोरा बरा चालला होता. पण बाजूच्या शिवणीपाशी कापडाचे पदर वाढले, सुई अडून बसली आणि जोर लावताच तिचे नेढ्याकडचे टोक माझ्या मधल्या बोटात रुतले.

शिवणाच्या डब्यात तळाशी अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोट वाचवणारे कवच, होते. फारसीत ‘अंगुश्त’ म्हणजे बोट, हे मला ठाऊक होते. मात्र व्युत्पत्ती ठाऊक असली म्हणजे वस्तू वापरता येते असे नाही, हे कळायला अर्धा तास लागला. जर्मन भाषेत त्याला ‘बोटाची टोपी’ म्हणतात, आणि त्याच शब्दावरून लिओनहार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ मध्ये एका फुलझाडाला ‘डिजिटॅलिस’ हे बोटाशी नाते सांगणारे लॅटिन नाव दिले. माझी टोपी मात्र दर तिसऱ्या टाक्याला बोट सोडून पलंगाखाली जात होती.

डब्यात आणखी एक अंगुस्तान होते, पण त्याला वरचे झाकणच नव्हते. झिजून गेले असावे, असे समजून मी ते बाजूला ठेवले. शंका अगदीच वेडगळ नव्हती. चांदीची अंगुस्ताने पोलादी सुईने खरोखरच आरपार झिजत, म्हणून तर इंग्लंडमधील चार्ल्स हॉर्नर यांनी चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घालून १८८४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. परंतु हे अंगुस्तान धडधाकट होते. शिंप्याचे अंगुस्तान दोन्हीकडून उघडेच असते, कारण तो सुई बोटाच्या शेंड्याने ढकलत नाही, बाजूने ढकलतो.

त्यावरचे बारीक खळगे मी आजवर नक्षी समजत होतो. सुई घसरू नये म्हणून ते असतात, आणि यंत्रे येण्यापूर्वी कारागीर ते एकेक करून हाताने ठोकत. त्यांच्या कष्टांना जागून मी नेढे नेमके एका खळग्यात बसवले आणि रेटले. सुई सगळे पदर ओलांडून सपाट्याने पार झाली, आणि कापडाखाली आधाराला धरलेल्या माझ्या डाव्या तर्जनीत शिरली.

तेव्हा झाकणाचे अंगुस्तान डाव्या तर्जनीत चढवले आणि शिंप्याचे उजवीकडे घातले. आता दोन्ही हात सुरक्षित आहेत. फक्त दोरा संपला आहे, आणि तो पुन्हा ओवायला सुई या बोटांच्या चिमटीत येत नाही.