टेबलाच्या काचेबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की टेबलाची काच मधे दबली, म्हणजे ती टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) नाहीच. शिवाय आम्ही काँप्युटरवर काचेच्या वाकण्याची रंगीत चित्रं दाखवून जाड काच खपवतो, असंही म्हणता.

जाड काच आम्ही सुचवली होती, तुम्ही घेतली नाही. ऑर्डरवर ४ बाय ४ फूट, ८ मिमी असं तुमच्या सहीनिशी आहे. मग खपवली कुठे?

आता टफनचं. काच भट्टीत तापवून झटकन गार केली की चार-पाच पट दणकट होते, म्हणजे सहज फुटत नाही, पण जास्त ताठ होत नाही, म्हणजे वाकते तेवढीच. साधी असो की टफन, ताठपणाचा आकडा तोच, सुमारे ७० गिगापास्कल. टफन म्हणजे न वाकणारी, हा समज सगळीकडे आहे, आणि विकणारेही तो मोडायला जात नाहीत. तुमची काच टफनच आहे, खात्रीसाठी कोपऱ्यातला टफनचा शिक्का बघा.

खरा प्रश्न तुमच्या टेबलाच्या पायांचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून ओतून आणलेले बिडाचे पाय देखणे आहेत, वाद नाही. पण काच टेकते फक्त चार कोपऱ्यांवर. चारही कडा टेकलेल्या असत्या तर ती जेवढी वाकली असती, त्याच्या सहापट अशी वाकते, तीही नुसत्या स्वतःच्या ३० किलो वजनाने. माझ्या पुतणीने काढलेला हिशेब ऑर्डरच्या आधीच तुमच्या व्हॉट्सॲपवर गेलाय: मध्यावर साडेतीन मिमी, कडांच्या मध्यावर जवळपास अडीच. तुम्ही दोरा लावून मोजलेत तेही साडेतीनच! १२ मिमीची काच दीडपट जड, पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो (दीडपट जाडीला तिपटीहून जास्त), म्हणून ती दीड मिमीच दबली असती.

काँप्युटरवरच्या चित्रात काच परातीसारखी खोल दिसली म्हणता. सॉफ्टवेअर वाक मुद्दाम कित्येक पटींनी फुगवून दाखवतं, नाहीतर चार फुटांत साडेतीन मिमी डोळ्याला दिसणारच नाही. मधला लाल रंग म्हणजे सर्वांत जास्त वाक तिथे, फुटण्याची जागा नव्हे. मध्यावरचा ताण ३ मेगापास्कलच्या आसपास येतो. टफन काच त्याच्या कितीतरी पट सोसते. घरच्यांना भीती वाटत असेल तर तेवढं सांगा. फक्त पायांवरच्या रबरी चकत्या काढू नका, काच बिडाला थेट टेकली तर मात्र कोपरा जाईल.

काच परत घेता येणार नाही. मापाने टफन केलेली काच पुन्हा कापता येत नाही, ती आमच्याही कामाची नाही. पण पायांवर कडेने लोखंडी अँगलची चौकट बसवली तर हीच काच अर्ध्या मिमीच्या आसपास येईल. वेल्डिंग ओळखीच्याकडून करून देतो, लोखंडाचे आणि मजुरीचे पैसे तेवढे लागतील. रविवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी येताना पायांचं माप घेऊन या.