‘हवा जात नाही ना, मग टायर चालतो’: साइडवॉलबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

पावसाळ्यात रस्त्यांची चाळण झाली की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच असतो. टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, फुगा आला किंवा कट पडला की टायरवाले उगाच घाबरवतात. बाजूला नुसतं रबर असतं, खरा भार ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) घेतो. हवा जात नसेल तर टायर बिनधास्त चालवा. फार तर आतून पॅच मारा, हवा थोडी कमी ठेवा, तो टायर मागे टाका, नाहीतर ट्यूब घाला. ट्रकवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. बाकीची वाक्यं जिवावर बेतणारी आहेत.

‘बाजूला नुसतं रबर असतं’

आपल्या गाडीचा टायर नीट वाचा. आकाराच्या आकड्यांजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत बांधणी लिहिलेली असते. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या टायरवर ती अशी सापडेल: ट्रेडमध्ये २ स्टील, १ पॉलिस्टर, १ नायलॉन, साइडवॉलमध्ये १ पॉलिस्टर. म्हणजे ट्रेडखाली चार थर आणि बाजूला एकच. काही टायरमध्ये बाजूला दोन असतात, पण एकच थर असणं अगदी सर्रास आहे.

हा थर म्हणजे एका बाजूच्या बीडपासून (रिमवर बसणारी तारेची कडा) ट्रेडखालून दुसऱ्या बीडपर्यंत जाणारे पॉलिस्टरचे दोरे. रेडियल टायरमध्ये ते एकमेकांना समांतर, आडवे पसरलेले असतात. गाडीचं वजन आतल्या हवेवर तोललेलं असतं आणि त्या हवेला आवरून धरतात ते हे दोरे. बाहेरचं काळं रबर दोऱ्यांना ऊन, पाणी आणि घासण्यापासून वाचवतं, एवढंच. ते ताणाला उभं राहत नाही, ताणलं की फुगतं. ट्रेडमधले स्टीलचे पट्टे बाजूच्या मदतीला येत नाहीत, ते खांद्यापाशीच, म्हणजे ट्रेड आणि बाजू मिळतात तिथेच, संपतात.

‘हवा जात नाही, म्हणजे टायर शाबूत’

सगळ्या गैरसमजाचं मूळ हे आहे. टायरला दोन वेगळी कामं असतात: हवा धरणं आणि ताण धरणं. हवा धरायला आत इनर लायनर असतो, म्हणजे हवा न झिरपू देणाऱ्या रबराचं पातळ अस्तर. ताण धरतात ते दोरे. अस्तर शाबूत आणि दोरे तुटलेले, असं सहज होऊ शकतं. मग हवा मोजणारं गेज ३३ पीएसआय दाखवतं, महिनाभर हवा भरावी लागत नाही, आणि तरीही टायर निकामी झालेला असतो.

फुगा येतो कसा, ते पाहा. गाडी वेगात खड्ड्यात जाते, खड्ड्याची पुढची धार टायरला रिमवर दाबते आणि साइडवॉल धार व रिम यांच्यात चिमटली जाते. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे पाच-दहा दोरे तुटतात. बाहेरचं रबर लवचीक, ते काही न झाल्यासारखं परत जागेवर येतं. दोरे नसलेल्या त्या जागी आतली हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. कधी अस्तराला बारीक चीर पडून हवा थरांमध्ये हळूहळू शिरते, तेव्हा फुगा दोन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून खड्डा लागला त्या संध्याकाळी काही दिसलं नाही, तर आठवडाभराने पुन्हा बघायचं.

३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण २.३ किलोचा जोर. दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा घेतली तर तिथे जवळपास १३ किलो. हा जोर आता दोऱ्यांऐवजी काही मिलिमीटर रबर पेलतंय.

‘सहा महिने झाले, फुगा तेवढाच आहे’

टायरची बाजू प्रत्येक फेरीत एकदा दबते आणि सुटते. १८५/६५ आर १५ या आकाराच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे किलोमीटरला ५१० च्या आसपास फेऱ्या. ताशी १०० ला सेकंदाला चौदा. पुणे-मुंबई एका बाजूच्या प्रवासात पाऊण लाखाहून जास्त वेळा ती जागा वाकते. तुटलेल्या दोऱ्यांच्या वाट्याचा ताण शेजारच्या दोऱ्यांवर येतो, तिथेच उष्णता वाढते, रबर दोऱ्यापासून सुटत जातं. बाहेरून फुगा तेवढाच दिसतो. शेजारचे किती दोरे उरलेत, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मेसेज लिहिणाऱ्यालाही नाही. ज्या दिवशी पुरेसे उरत नाहीत त्या दिवशी टायर पंक्चरसारखा हळू बसत नाही, एकदम फाटतो. आणि तो दिवस बहुधा उन्हाळ्याचा, भरल्या गाडीचा आणि वेगाचा असतो, कारण ताण व उष्णता दोन्ही तेव्हाच टोकाला असतात.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे आणि तासन् तास त्याच वेगात राहता येतं. गावात वर्षभर निभावलेला टायर तिथे तासाभरात जाऊ शकतो.

‘आतून पॅच मारला की झालं’

ट्रेडमधल्या खिळ्याचं भोक दुरुस्त होतं, मग बाजूचं का नाही? ट्रेडखाली स्टीलचे पट्टे आहेत, त्यामुळे ती जागा फारशी वाकत नाही. खिळा बहुतेक वेळा दोन तारांमधून वाट काढतो. आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला आतून मशरूम पॅच (देठ भोकात आणि टोपी आतल्या बाजूला बसणारा) लावला की तो टिकून बसतो. ही दुरुस्तीही ट्रेडच्या मधल्या भागातच करायची असते, खांद्यावर नाही.

बाजूला लावलेला पॅच चिकटतो अस्तराला. तुटलेल्या दोऱ्याची टोकं तो जोडत नाही. म्हणजे हवा धरण्याचं काम तो कदाचित करेल, ताण धरण्याचं करणार नाही. शिवाय सतत वाकणाऱ्या जागी त्याची कड उचलू लागते. बाहेरून मारलेली स्ट्रिप (भोकात कोंबायची चिकट रबरी पट्टी) तर त्याहून वाईट: ती घुसवण्याआधी कानसीसारखी सुई भोकात फिरवतात, आणि उरलेसुरले दोरेही त्या सुईने खरवडले जातात. जुन्या टायरचा तुकडा आत बसवून ‘गेटर’ टाकणं कारच्या रेडियल टायरला करूच नये. तुकड्याची कड आतून घासते, चाकाचा तोल जातो, आणि त्याखाली काय चाललंय ते झाकलं जातं.

फुग्याला टाचणी टोचून हवा काढून देणारेही आहेत. फुगा बसतो, दोष तिथेच राहतो, आणि आता दिसतही नाही.

‘ट्रकवाले तर करतात’

करतात. ट्रकच्या टायरची बाजू जाड असते, रेडियल असेल तर तिच्यात पोलादी दोरे असतात, आणि मर्यादित आकाराच्या जखमेला दोरे घातलेला खास पॅच लावून, उष्णता व दाब देऊन रबर शिजवण्याची पद्धत त्या टायरसाठी आहे. त्याला वेगळी यंत्रं आणि जखमेच्या लांबी-रुंदीच्या मर्यादा लागतात. कारच्या एकथरी बाजूला हे लागू नाही. राहिला प्रश्न रस्त्याकडेच्या जुगाडाचा. महामार्गाच्या कडेला पडलेली टायरची लक्तरं सगळ्यांनीच पाहिली आहेत.

‘हवा २५ वर ठेवा, जोर कमी होईल’

आतला जोर कमी होईल, खरं आहे. पण कमी हवेचा टायर जास्त दबतो, दर फेरीला बाजू जास्त वाकते, आणि उष्णता याच वाकण्यातून येते. वर पुढच्या खड्ड्यात तो आणखी सहज चिमटला जातो. मुळात फुगा आला तो चिमटूनच. म्हणजे ज्या कारणाने दोरे तुटले, तेच वाढवायचा हा उपाय.

‘तो टायर मागे टाका’

पुढचा टायर फुटला तर गाडी एका बाजूला ओढते, पण स्टिअरिंग हातात असतं. मागचा फुटला तर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं, आणि ते सावरणं बहुतेक चालकांना जमत नाही. म्हणूनच दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावायला सांगतात. तोच टायर ‘स्टेपनीला ठेवू’ म्हणाल, तर स्टेपनी निघते ती नेमकी घाटात, रात्री, सामान भरलेलं असताना.

ट्यूब, सीलंट, नायट्रोजन

ट्यूब तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी स्वतःच फुगून बाहेर येते. शिवाय ती टायरच्या आत घासून तापते. सीलंट, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये ओततात ते द्रव, चाक फिरताना ट्रेडकडे फेकलं जातं, बाजूला थांबत नाही. नायट्रोजन ३३ पीएसआयला तेवढाच जोर लावतो जेवढा साधी हवा लावते.

‘टायरवाले उगाच घाबरवतात’

हे ते अर्धं खरं वाक्य. बाजूवरची प्रत्येक खूण म्हणजे टायर बाद, असं नाही, आणि काही दुकानांत तसं भासवलं जातं.

सगळ्यात जास्त गोंधळ खळगीचा होतो. रिमकडून ट्रेडकडे सरळ जाणारी, आत दबलेली अरुंद रेघ दिसली, तर ती बहुधा दोऱ्यांच्या थराचा सांधा असते. तिथे थरावर थर येतो, म्हणून ती जागा इतरांपेक्षा कमी ताणली जाते. तो दोष नाही, उलट तिथे दोरे जास्त आहेत. आत दबलेलं चालतं, बाहेर आलेलं चालत नाही. खात्री करायला टायरमध्ये पूर्ण हवा भरा, बाजू ओल्या फडक्याने पुसा, आणि छोटी फूटपट्टी आडवी टेकवून फिरवा. पट्टीखाली फट दिसली तर खळगी. पट्टी एका उंचवट्यावर डुलायला लागली तर फुगा. अक्षरांचे उठाव मोजू नका.

फुटपाथला घासून रबर खरचटलं असेल, तर टॉर्च मारून जखमेचा तळ पाहा. तळाशीही काळं रबरच असेल आणि आसपास उंचवटा नसेल, तर बहुतेक वेळा टायर चालतो. तरी कट खोल वाटला तर टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या. तळाशी दोऱ्यांची जाळी किंवा सुटलेले धागे दिसले, तर विषय संपला. स्क्रूड्रायव्हर घालून उकरू नका, खोली मोजता मोजता दोरा तुटतो. केसासारख्या बारीक भेगा उन्हाने आणि वयाने येतात. तेव्हा टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

बाहेरची बाजू स्वच्छ म्हणजे टायर स्वच्छ, असंही नाही. फुगा आतल्या, गाडीखालच्या बाजूलाही येतो, आणि ती बाजू कुणी बघत नाही. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा. मागच्यांसाठी मोबाइल चाकामागे धरून व्हिडिओ काढा, गाडी अर्धा फेरा पुढे घ्या, पुन्हा काढा. २०-३० च्या वेगाला लयीत धपधप जाणवते आणि बॅलन्सिंग करूनही जात नाही, तर आधी इथेच शोधा. पंक्चर टायरवर गाडी थोडी जरी पुढे नेली असेल, तर टायर उतरवल्यावर आत हात फिरवून बघायला सांगा. काळा रबराचा भुगा निघाला किंवा बाजूवर गोल घासलेला पट्टा दिसला, तर बाजू आतून भाजली आहे. पंक्चर साधं असलं तरी तो टायर पुन्हा लावायचा नाही.

मग करायचं काय

रस्त्यात फुगा दिसला तर तिथेच स्टेपनी लावा. सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर. नट जमिनीवरच पाव फेरा सैल करा, मग जॅक. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि ५० किलोमीटरने पुन्हा तपासा. स्टेपनी बारीक आकाराची असेल तर तिच्यावरच वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८०. आता अनेक गाड्यांत स्टेपनीऐवजी पंप आणि सीलंटच मिळतं. साइडवॉलसाठी त्याचा उपयोग नाही, टोइंग बोलवा. चालत्या गाडीत टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्या.

नवा घेताना आकार, लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर जुळवा. ८८एच म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि ताशी २१० किलोमीटर. याहून कमी घेऊ नका. रिम वाकली आहे का, ते त्याच वेळी मशीनवर फिरवून बघा.

साध्या मोटर विम्यात नुसता टायर गेला तर भरपाई नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळते. टायरसाठी वेगळं कलम घेतलं असेल तर त्याची भाषा वाचा.

आणि जुना टायर दुकानात सोडताना त्याची बाजू डोळ्यांदेखत कापून घ्या. हवा काढली की फुगा दिसेनासा होतो, वर काळं पॉलिश मारलं की तोच टायर सेकंडहँड म्हणून चांगला खपतो. तुम्हालाच जुना घ्यायची वेळ आली, तर आतून तळहात फिरवून उंचवटा किंवा टोचणारा धागा चाचपा, टायर रिमवर चढवून पूर्ण हवा भरायला लावा, दोन्ही बाजूंनी फूटपट्टी फिरवा, आणि पैसे त्यानंतर काढा.