तीन चॉप्स, मिरपूड सढळ हातानं

गणपती गेले, तव्यावर रव्यातले बोंबील चुरचुरायला लागले आणि मी जाहीर केलं, "आपला श्रावण चालूच राहणार."

"डॉक्टरांनी सांगितलं?" बायको.

"शेलीनं."

"त्याचं काय झालं?"

"एकोणतिसाव्या वर्षी इटलीजवळ समुद्रात बुडाला."

"म्हणजे शेवटी माशांकडेच गेला."

इंग्रजीच्या मास्तराला घरात एवढाच मान. मार्च १८१२ मध्ये डब्लिनला इंग्रज कवी शेली आणि त्याची बायको हॅरिएट या जोडप्यानं मांस सोडलं. 'व्हेजिटेरियन' शब्द तेव्हा रुळला नव्हता, लोक 'पायथागोरसचा आहार' म्हणत. लगेचच हॅरिएटनं एका मैत्रिणीला जेवायला बोलावलं आणि चिठ्ठीत लिहिलं, की तुमच्यासाठी एका कोंबडीचा खून करून ठेवला आहे. मला हे फारच आवडलं. आतेभाऊ जेवायला आला तेव्हा मीही तेच वाक्य टाकलं. तो म्हणाला, "मग पुरावा नष्ट करायला हवा. वहिनी, रस्सा वाढा."

पुढच्याच वर्षी शेलीनं नैसर्गिक आहाराच्या समर्थनाची पुस्तिका काढली. त्याच्या मते ग्रीक पुराणातल्या प्रोमेथियसनं देवांकडची आग चोरून आणली, माणूस मांस शिजवायला लागला आणि रोग आले. चोरीची शिक्षा म्हणून प्रोमेथियसचं यकृत टोचणारं गिधाड म्हणजे तेच रोग. हे रूपक मला मनापासून पटलं. (सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं होतं, ते मी घरात बोललो नव्हतो.) पाणीसुद्धा तो डिस्टिल्डच प्या म्हणतो. आमच्याकडे ते इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालतात.

दुसऱ्या आठवड्यात दुधी, पडवळ, परत दुधी. मी गांधीजींना मध्ये आणलं. लंडनमध्ये त्यांना शाकाहार बुद्धीनं पटला तो हेन्री सॉल्टच्या पुस्तकामुळे, आणि हा सॉल्ट शेलीचा चरित्रकार! बायको म्हणाली, "त्यांनी मीठही सोडलं होतं. ते फरसाण ठेव खाली."

शेलीचंही फार बरं चाललं नव्हतं. १८१५ मध्ये मित्रांबरोबर थेम्स नदीतून होडीनं निघाला, चहा आणि लोणी-पाव यांवर जगत होता, आणि इतका आजारी पडला की सफर अर्ध्यावर सोडायची वेळ आली. तेव्हा थॉमस लव्ह पीकॉक या मित्रानं स्वतःच औषध लिहून दिलं: मटणाचे तीन चॉप्स, मिरपूड सढळ हातानं. शेलीनं ते घेतलं आणि तडक बरा झाला. त्याच सफरीत लेचलेडच्या चर्चच्या आवारातल्या संध्याकाळवर त्यानं जी कविता लिहिली, ती मी वीस वर्षं शिकवतोय. चॉप्सचं मात्र कुठल्याच गाईडात नाही.

पीकॉकच्या आठवणींतलं ते पान मी मुडपलं, त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि पुस्तक डायनिंग टेबलावर उघडंच ठेवलं. तीन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी बायकोनं त्यावर दोडक्याची गरम कढई ठेवली.