यंत्रापेक्षा वाळकी पानं बरी

तुमच्या लेखात सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला विजेवर चालणारं यंत्र हाच उपाय असल्यासारखं लिहिलं आहे, ते पटलं नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीने आधी तेच घेतलं होतं. चोवीस तासांत ‘खत’ म्हणून जे बाहेर यायचं ते नुसतं वाळवलेलं अन्न. कुंडीत घालून पाणी दिलं की दोन दिवसांत पांढरी बुरशी आणि वास. कचरा कुजायला जिवाणूंना वेळ लागतो, तो वाचवता येत नाही.

आता विटांचे जाळीदार हौद आहेत. कचऱ्यावर वाळक्या पानांचा जाड थर, थोडं आंबट ताक, आठवड्यातून एकदा वरखाली. वास येतो तो बहुतेकदा पाणी जास्त झाल्यामुळे, म्हणून उरलेली आमटी गाळूनच टाका. जाड करड्या अळ्या दिसल्या की लोक फवारणी मागतात. कृपया करू नका! काळ्या सैनिक माशीच्या त्या अळ्या कचरा भराभर संपवतात, माणसाला काही करत नाहीत.

पानं जाळणाऱ्या सोसायट्या पाहिल्या की जीव तुटतो. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं आपला कचरा सोसला, त्यांच्या विहिरी नासल्या. आणि रोज दारात येणाऱ्या कचरावेचक ताई? परवा एकींचा हात भाजीच्या सालांत टाकलेल्या फुटक्या काचेने कापला. काच वेगळ्या कागदात गुंडाळून, वर लिहून द्या, एवढं तरी आजपासून सुरू करा.