सिलमधला गंज, वेल्डिंग आणि पाडलेली भोकं: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं असं की, रॅलीच्या गाडीच्या शेलच्या (पत्र्याच्या मूळ सांगाड्याच्या) पोकळ्यांमध्ये आम्ही गंज रोखणारं वॅक्स, म्हणजे मेण, मारून दिलं, तरी एकाच सीझनमध्ये डाव्या सिलमधून (दाराखालच्या पोकळ पट्टीतून) तांबूस पाणी आलं आणि जॅक पॉइंटजवळ (गाडी उचलायला जॅक लावतात तिथे) रंगाला फोड आले. आम्ही शेलला भोकं पाडली, खालून जाड काळं अंडरकोटिंग मारायला नकार दिला आणि उन्हात गाडीखाली अजून मेण गळतं, हेही तुम्ही लिहिलंय. शेल मोकळं करून, केज (आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) बसवून, रंगवून उभं करायला काय कष्ट पडतात ते आम्ही रोज पाहतो. त्यामुळे तुमचा राग समजतो. उत्तर जरा सविस्तर देतोय, कारण हाच प्रश्न गाडी बांधणाऱ्या प्रत्येकापुढे येतो.

आधी फोड. तुमच्या फोटोत ते विखुरलेले नाहीत. जॅक पॉइंटच्या नव्या प्लेटच्या कडेने, वेल्डपासून बोटभर अंतर ठेवून, एका रांगेत आलेत. तुम्हीच लिहिलंय की मधल्या एका रॅलीत जॅक पॉइंट दबला आणि सर्व्हिस टीमने तिथे प्लेट वेल्ड केली. गाडी आमच्याकडून गेली तेव्हा ती प्लेट नव्हती. फोटोवरून आतलं सगळं कळत नाही, पण फोडांची रांग जिथे आहे ती जागा पाहता माझा रोख त्या वेल्डवरच आहे.

स्टील वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना त्याची वाफ होते. वॅक्स तर त्याच्या कितीतरी आधी जळून जातं. म्हणजे बाहेरून वेल्ड मारला की त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा आतून उघडा पडतो. बाहेर ग्राइंडर फिरतो, प्रायमर लागतो, रंग बसतो. आत मात्र काहीच होत नाही, कारण आतलं कुणाला दिसत नाही. मग रॅलीच्या पुढच्याच ओल्या स्टेजमध्ये (टप्प्यात) चिखलाचं पाणी नेमकं तिथे जाऊन बसतं. म्हणूनच गाडी देताना दिलेल्या कागदावर ‘वेल्डिंग झाल्यास त्या भागात पुन्हा वॅक्स मारून घ्या’ असं लिहिलेलं आहे. रॅलीच्या मध्यावर ते शक्य नसतं हे मान्य, पण गाडी परत आल्यावर पहिलं काम तेच.

इथे सुरक्षिततेचंही सांगतो. वॅक्स मारलेल्या सिलवर वेल्डिंग करताना ते पोकळीच्या आत पेट घेऊ शकतं आणि बाहेरच्या माणसाला उशिरा कळतं. जवळ अग्निशामक आणि लक्ष ठेवायला एक माणूस हवाच.

तांबूस पाण्याबद्दल. पाणी बाहेर आलं ही चांगली गोष्ट आहे, कारण निचऱ्याची भोकं उघडी आहेत. रंग तांबूस आहे ही वाईट, कारण आत कुठेतरी लोखंड उघडं आहे. ती भोकं कृपया बंद करू नका. कुणी सिलमध्ये फोम भरायला सांगितलं तर तेही करू नका. फोमच्या कडेला ओल धरते, वाळायला वाव उरत नाही आणि पुढे तिथे वेल्डिंग करणंही मुश्किल होऊन बसतं.

रॅलीच्या शेलमध्ये गंजाच्या जागा मूळ गाडीपेक्षा जास्त का असतात, तर आपण त्या स्वतः तयार करतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट जे मधल्या कलम २५३ प्रमाणे केजच्या मुख्य पायांखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट लागते. ती हवीच, त्यावर जीव अवलंबून आहे. पण प्लेट आणि फ्लोअरचा पत्रा यांच्यात एक बारीक फट राहते आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं पाणी त्यात चढतं. फटीच्या आत प्राणवायू कमी पोचतो आणि गंज तिथेच जोर धरतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो दोन पत्रे एकमेकांपासून फाकवतो. प्लेटच्या कडेचा सीम सीलर (सांधा बुजवणारा लेप) उललेला दिसला की आत काम सुरू झालंय असं समजा. बी पिलरचा (पुढच्या दारामागच्या खांबाचा) पाया आणि मागच्या व्हील आर्चची (चाकावरच्या कमानीची) दुहेरी कडही अशाच जागा.

भोकांविषयी. शक्य तिथे आम्ही कंपनीचीच भोकं वापरतो. तुमच्या शेलमध्ये केजच्या प्लेटमुळे सिलचा मागचा भाग पुढच्यापासून तुटला होता. नळी पुढून घातली तर तिथपर्यंत फवारा पोचतच नव्हता. म्हणून आतल्या पत्र्यावर, भार न येणाऱ्या जागी भोक घेतलं, कडेला प्रायमर लावला आणि रबरी ग्रोमेट (बूच) बसवलं. शेलच्या आकृतीवर ती जागा दाखवून, तुमची संमती घेऊनच काम केलं होतं. न पोचलेल्या वॅक्सपेक्षा विचारपूर्वक घेतलेलं भोक बरं, हे माझं ठाम मत आहे.

जाड काळ्या कोटिंगला नकार दिला तो विचार करूनच, आणि उद्याही देईन. दगडी स्टेजवर ते टवक्यांनी फुटतं. फुटलेल्या जागेतून पाणी आत शिरतं आणि कोटिंगच्या आडून पत्रा खात जातं. वरून सगळं काळंभोर, धड दिसतं. पातळ, लवचिक स्टोन गार्डला (दगडांपासून वाचवणाऱ्या लेपाला) टवका गेला तर तो दिसतो आणि त्याच दिवशी बुजवता येतो.

मेण गळण्याचं म्हणाल तर उष्णतेने वॅक्स सैल होऊन सांध्यात झिरपतं, त्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं. सुरुवातीला थोडं गळणार. मात्र सीझनभरानंतरही धार लागत असेल तर ते मला पाहायचंय.

आता पुढचं. गाडी घेऊन या. एंडोस्कोपने (बारीक नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने) दोन्ही सिल आतून तुमच्यासमोर पाहू, चित्रण तुम्हाला देऊ, तपासणीचे पैसे घेणार नाही. वेल्डपासून दूर, आम्ही वॅक्स मारलेल्या जागी उघडा पत्रा निघाला तर ते काम आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ. वेल्डच्या पट्ट्यातच गंज असेल तर तो साफ करून, पोकळी गरम हवेने पूर्ण वाळवून मगच वॅक्स मारावं लागेल. ओल्या पत्र्यावर मारलेलं वॅक्स पाणी आतच कोंडतं. त्या कामाचा अंदाज आधी लिहून देऊ.

येण्याआधी सिलच्या भोकांत प्रेशर वॉशर मारू नका. आतला चिखल जिथे बसलाय तिथेच राहू द्या, त्यावरूनच पाणी कुठे अडतंय ते कळेल. आणि फोडांवर तोवर नवा रंग मारू नका.