ॲव्हरेज काय देते?

निख्यानं मोबाईल पुढे धरला. स्क्रीनवर तांबूस रंगाची, लांबलचक, दोन दारांची गाडी. चालवणाऱ्यानं चावी फिरवली आणि बारीक शिट्टी सुरू झाली, ती चढतच गेली. बॉनेट मात्र जराही थरथरलं नाही.

"घरात कुणी मिक्सर लावलाय का?" बापू म्हणाला. त्याचं गॅरेज कट्ट्याला लागूनच आहे, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, असा त्याचा समज.

"अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीची टर्बाइन कार, म्हणजे गरम वायूच्या झोतानं फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर चालणारी. 1963. पिस्टन नाही, रेडिएटर नाही, स्पार्क प्लग एकच."

"ॲव्हरेज काय देते?"

झालं. निख्या चिडला. असल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न हा?

काका टूलरूममधून रिटायर झालेत. ते शांतपणे म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे त्याचा. ते इंजिन उभ्या गाडीतसुद्धा मिनिटाला 18 हजार फेरे मारतं, पुढे 45 हजारांच्या आसपास जातं. सिग्नलला थांबलास तरी इंधन पीतच बसणार. आणि पाय दाबला की जोर यायला सेकंद-दीड सेकंद."

"दीड सेकंद? तेवढ्यात डंपर अंगावर येईल!"

"पण चालायचं कशावरही," निख्या हट्टाला पेटला. "डिझेल, रॉकेल. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी टकिला घालून चालवून बघितली."

"आणि पंपावर मिळणारं पेट्रोल?" काकांनी विचारलं. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा थर आतल्या भागांवर बसायचा. म्हणजे दारू चालते, कोपऱ्यावरच्या पंपावरचं पेट्रोल तेवढं नको. यावर बापू इतका हसला की चहा शर्टावर.

मला विचाराल तर त्या गाडीतली खरी कारागिरी धुरात होती. बापूला वाटलं, मागे उभं राहणाऱ्याची लुंगी पेटेल. तसं नव्हतं. जाळीसारख्या दोन गोल चकत्या आत सावकाश फिरायच्या. बाहेर निघालेल्या गरम हवेची उष्णता शोषून आत येणाऱ्या हवेला द्यायच्या. त्यामुळे इंधन वाचायचं आणि धूर बराच निवून बाहेर पडायचा. हे काकांनी बशी कपाभोवती फिरवून दाखवलं.

मग विषय दुखऱ्या जागी आला. बॉडी इटलीत, तुरिनच्या घिया कंपनीकडे बनलेल्या. एकूण 55 गाड्या. 203 जणांना प्रत्येकी तीन महिने फुकट वापरायला दिल्या, खर्च फक्त इंधनाचा. नंतर परत घेतल्या आणि 46 मोडीत काढल्या. राहिल्या नऊ.

"पाप आहे हे," निख्या.

"कसलं पाप? लोकांच्या हातात ठेवल्या असत्या तर पार्ट कुठून द्यायचे? ते टर्बाइनचं चाक गल्लीतल्या मेकॅनिकनं उघडलं असतं तर?"

"गल्लीतला म्हणजे?" बापूनं मान वळवली. काकांनी घाईघाईनं दुसरा चहा सांगितला.

बापू आता वेगळ्याच ईर्ष्येनं उतरला. मशीन वाईट नव्हतं ना, मग रेसमध्ये का नाही दिसलं? दिसलं की! 1967 ची इंडियानापोलिस 500. पार्नेली जोन्स टर्बाइनच्या गाडीत, 200 पैकी 171 फेऱ्यांत पुढे. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या आणि गाडी बसली. कशानं? गिअरबॉक्समधलं बेअरिंग. किंमत सहा डॉलर.

बापू गप्पच झाला. मग म्हणाला, "म्हणजे टर्बाइन नाही गेलं."

"नाही."

"बेअरिंग गेलं."

निख्याला तेवढंच हवं होतं. त्यानं जॅग्वारची सी-एक्स 75 काढली. 2010 साली पॅरिसच्या मोटार शोमध्ये मांडलेली. जॅग्वार तेव्हा टाटांच्या हातात आलेली होती. दोन छोटी टर्बाइन्स, पण चाकं फिरवायला नाहीत, बॅटरी चार्ज करायला. एकाच वेगानं फिरत राहायचं, म्हणजे सिग्नलचा आणि दीड सेकंदाचा प्रश्नच मिटला. काकांनीही मान डोलावली. पुढे चालत्या नमुन्यांत मात्र 1.6 लिटरचं साधं पिस्टनचं इंजिन बसवलं गेलं आणि 2012 मध्ये प्रकल्पच गुंडाळला.

"बघ," काका म्हणाले.

"काय बघ? तुम्ही आधी मान डोलावलीत!"

दोघांचं सुरू झालं. बापूनं मधूनच निख्याच्या हातातला मोबाईल ओढला, व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि कानाशी धरून डोळे मिटले. शिट्टी चढत गेली.

"याचं बेअरिंग ओके आहे," तो म्हणाला.